व्ही-क्रॉस ४ इंच उचलायचीये, पुढे स्पेसर आणि मागे ब्लॉक टाकू का? मागच्या एक्सलचं पण विचारायचंय

हरसूल_रोडवाला

नमस्कार मंडळी. गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, २०१७ ची, फोर बाय फोर, सेकंडहँड घेतली त्याला दोन वर्षं झाली. राहतो नाशकात पण शेत हरसूल साइडला, वाघेरा घाटाच्या पुढे. डांबरी सोडली की शेडपर्यंत तीन किलोमीटर कच्चा रस्ता आहे आणि पावसाळ्यात आवणीच्या दिवसात ट्रॅक्टर जाऊन जाऊन त्याच्या अशा खोल चाकोऱ्या पडतात की आपली चाकं चाकोरीत आणि मधल्या वरंब्यावर मागच्या डिफचा (डिफरन्शियल, एक्सलच्या मधला गिअरचा) गोळा बसतो, मग चारही चाकं नुसती फिरतात आणि शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मागच्या पावसाळ्यात चारदा बोलवला, आता काका फोन उचलत नाहीत.

नाशकातल्याच द्वारकेकडच्या एका मिस्त्रीला दाखवली. तो म्हणतो पुढे शॉकअपच्या वरून दोन इंची स्पेसर (जाड चकती), मागे एक्सलवर चार इंची लोखंडी ब्लॉक, दोन पाटे (लीफ स्प्रिंग) जास्तीचे, सगळं मिळून पस्तीस हजार, दोन दिवसात गाडी हातात. दुसरा एक जण म्हणाला की एवढं कशाला, पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसव, फुकटात उचलेल. आणि तिसरं म्हणजे मागचा डिफ वेल्ड मारून कायमचा लॉक कर असं पण एकाने सांगितलं.

टायर सध्या २४५/७० आर १६ आहेत, २६५/७५ आर १६ टाकायचा विचार आहे. गाडीत सिझनला टोमॅटोचे पंधरा-वीस कॅरेट गिरणाऱ्याला जातात आणि महिन्यातून एकदा आईला घेऊन वणीच्या गडावर. म्हणजे नुसती चिखलात खेळायची गाडी नाहीये हे लक्षात घेऊन सांगा. चार इंच बरोबर राहील का कमी करू?

पाटेपुराण

आधी एक काम कर, पैसे खर्च करायच्या आधी. गाडी सपाट जागी लाव, टेप घे, जमिनीपासून मागच्या डिफच्या तळापर्यंत माप घे. मग जॅक चॅसिसला लाव, एक्सलला नाही, आणि मागची बाजू तीन इंच वर घे, चाकं जमिनीवरच राहतील एवढीच. आता परत डिफखाली माप घे. काय बदललं ते इथे येऊन सांग.

मीच सांगतो, काही बदलणार नाही. मागचं एक्सल म्हणजे सरळ एक दांडा, दोन टोकाला दोन चाकं, मध्ये गोळा. गोळा जमिनीपासून किती वर हे फक्त टायर ठरवतो. पाटे, ब्लॉक, शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला धरणारी कडी), काय वाट्टेल ते लाव, त्याने चॅसिस वर जाते, बॉडी वर जाते, सायलेन्सर वर जातो, पण गोळा आहे तिथेच. तुझी अडचण गोळ्याची आहे आणि मिस्त्री तुला विकतोय बॉडीची उंची. पस्तीस हजार देऊन तू त्याच वरंब्यावर परत बसणार, फक्त बसल्यावर खिडकीतून लांबचं दिसेल.

पाटे खालून वर करायचं जे कोणी सांगितलं तो जुन्या जीपवाला असणार. माझ्याकडे एमएम ५४० होती, तिला पुढे-मागे पाटे आणि ते एक्सलच्या खालून, म्हणून तिथे वर बसवले की गाडी एकदम चार-पाच इंच उचलते. तुझ्या गाडीला मागचे पाटे आधीच एक्सलच्या वर आहेत, वाकून बघ. आणि पुढे पाटेच नाहीत, कॉइल आहे. उलटं केलंस तर गाडी खाली बसेल.

माझ्या जीपची गोष्ट सांगतो म्हणजे कळेल फुकटात काय मिळतं. पाटे वर घेतले, मिस्त्रीने एक्सलवर नवीन सीट वेल्ड मारले पण पिनियनचा (गोळ्याचं नाक, जिथे प्रोपेलर जोडतो) अँगल न बघता, अंदाजाने. पहिल्या दिवशी खूश, काय रुबाब. आठवड्यात क्लच सोडला की मागून "टक्" आवाज, कारण जोर लागला की एक्सल स्वतःभोवती फिरायला बघतं, पाटे एस आकाराचे होतात आणि गोळ्याचं नाक वर जातं. महिन्याभरात प्रोपेलरचा (मागच्या गोळ्याला जोर नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे सांधा, गेला. स्टिअरिंगचा दांडा तिरका झाला होता म्हणून खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग आपोआप वळायचं, कसारा घाटात एकदा असं वळलं की मी बाजूला थांबून दहा मिनिटं नुसता बसून होतो. ब्रेकचे रबरी पाइप ताणले गेले होते ते तर नंतर दिसलं. सगळं परत नीट करायला जे पैसे गेले त्यात चांगले नवे पाटे आणि शॉकअप आले असते.

एमएच१५_चिखल्या

चार कशाला भाऊ सहा टाका. फक्त आईसाहेबांना गडावर न्यायला शिडी पण घ्या, म्हणजे गडाच्या पायऱ्या परवडल्या म्हणतील 😂

सातपूरचा_लेथवाला

वरती दादांनी गोळ्याचं बरोबर सांगितलंय. मी पुढच्या बाजूचं सांगतो कारण तिथे तुझा मिस्त्री जास्त मोठा घोळ घालतोय.

"दोन इंची स्पेसर" म्हणजे दोन इंच उचल नाही. तुझ्या गाडीला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, शॉकअप खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी बसतो आणि चाक आर्मच्या टोकाला असतं. म्हणून वरून एक इंचाचा स्पेसर टाकला की चाकापाशी साधारण दोन इंच होतात. दोन इंची टाकला तर चार. आणि चार इंचाला आयएफएसचं (पुढची चाकं वेगवेगळी हलू देणारं सस्पेन्शन) काय होतं ते ऐक: ड्राइव्हशाफ्टचा सीव्ही जॉइंट (वाकून फिरणारा सांधा) एवढा वाकडा चालतो की आधी त्याचा रबरी बूट फाटतो, मग ग्रीस जातं, मग पाणी-माती आत आणि वळताना कटकट सुरू. वरचा आर्म खाली टेकतो, बॉल जॉइंट शेवटच्या टोकाला काम करतो. चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, त्यामुळे खड्डा आला की चाक हवेत, म्हणजे ऑफरोडला गाडी आधीपेक्षा वाईट. कॅम्बर, कास्टर (चाकाचे कोन) सगळं बाहेर, अलाइनमेंटवाला हात वर करतो.

या गाडीला पुढे दीड ते दोन इंच चाकापाशी, तेही स्पेसर न टाकता त्या उंचीची स्प्रिंग आणि त्या लांबीचाच शॉकअप, एवढंच करावं. त्याच्या वर जायचं तर वरचे आर्म बदला, पुढचा डिफ खाली घ्यायचं किट टाका, खर्च कुठल्या कुठे.

आता मागचे ब्लॉक. एक इंची-दीड इंची ब्लॉक मागे चालतो, खूप पिकअपला कंपनीचाच असतो. चार इंची म्हणजे पाटे आणि एक्सलच्या मध्ये चार इंचाची तरफ उभी केली. वर दादांच्या जीपला जे एस आकाराचं झालं ते इथे दुप्पट होणार, त्यात तू वीस कॅरेट टाकून घाट चढणार. त्यापेक्षा मागे एक लांब पाटा वाढव किंवा अख्खा सेट नवीन घे. शॅकल लांब करून उचलायची असेल तर हिशोब लक्षात ठेव, शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. आणि त्याने पिनियनचा अँगल पण फिरतो.

तुझ्या गाडीचा प्रोपेलर दोन तुकड्यांचा आहे, मध्ये सेंटर बेअरिंग. मागून उचलली आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला सुटताना सीटखाली थरथर जाणवली तर समज अँगल बिघडला. सेंटर बेअरिंगखाली पातळ पट्टी किंवा एक्सलच्या सीटवर एक-दोन डिग्रीची पाचर, यातलं काय लागेल ते मोजून ठरतं. आमच्याकडे लोक पाचर घ्यायला येतात आणि किती डिग्री विचारलं की हाताने दाखवतात "एवढी".

अजून दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही. एक, जुने यू बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे) परत वापरू नको, एकदा ताणलेला बोल्ट परत तेवढी पकड देत नाही. नवीन टाक, आणि चारशे-पाचशे किलोमीटरला परत टाइट कर, गाडीत नेहमीचं वजन असताना. दोन, मागच्या एक्सलवरून चॅसिसला एक बारीक दांडा जातोय का बघ. काही पिकअपला तिथे लोड बघून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. म्हणजे वीस कॅरेट भरलेत आणि मागचे ब्रेक झोपलेत. असला तर उचलल्याच्या प्रमाणात दांडा अ‍ॅडजस्ट करून घे, उरकून टाकू नको.

हरसूल_रोडवाला

काल मोजलं. डिफखाली साडेआठ इंच. चॅसिसला जॅक लावून तीन इंच उचलली, परत मोजलं, साडेआठ. बायको गॅलरीतून बघत होती, म्हणाली काय शोधताय गाडीखाली, पाना पडला का. काय सांगणार, म्हटलं पस्तीस हजार शोधतोय.

व्हॉल्व्हचा दांडा बघितला नाही अजून, खाली चिखल एवढा वाळलाय की आधी धुवावं लागेल. पाटे वरच आहेत हे बरोबर.

मग टायरने किती मिळेल? आणि डिफ वेल्डचं कोणीच काही बोललं नाही.

निफाडची_द्राक्षवाली

टायरचा हिशोब सोपा आहे दादा. २४५/७० आर १६ ची उंची येते साधारण ७४९ मिमी. २६५/७५ आर १६ ची ८०४. फरक ५५ मिमी, पण त्यातला अर्धाच गोळ्याला मिळतो, म्हणजे सत्तावीस मिमी, एक इंचाच्या थोडं वर. आणि २६५/७० घेतले तर उंची ७७७, गोळ्याला मिळणार १४ मिमी, अर्धा इंच. ऐकायला कमी वाटतं पण तुमचं भांडण वरंब्याच्या वरच्या इंचभर मातीशीच आहे ना.

पण मोठ्या टायरची किंमत मोजावी लागते. ८०४ वाले टाकलेत तर काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०७ ला असेल, आणि तेवढीच गाडी गिअरमध्ये जड होणार. वणीच्या घाटात भरल्या गाडीत दुसऱ्याऐवजी पहिला टाकायला लागेल. ते परत हलकं करायचं तर क्राऊन-पिनियनचा (गोळ्यातले गिअर) रेशो बदला, आणि फोर बाय फोर असल्याने पुढचा-मागचा दोन्ही बदला, एकच बदलला आणि फोर बाय फोर टाकला तर दोन एक्सल एकमेकांशी भांडत बसतील आणि मधे ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारा डबा) मरेल. म्हणून मी तरी एवढ्या मोठ्या टायरच्या नादी लागले नसते, शिवाय तुमच्या गाडीला ते पुढच्या बंपरला आणि आतल्या प्लास्टिकला घासणार, पूर्ण वळवल्यावर तर नक्की.

आमच्याकडे काळी माती. तुमच्या तांबड्या मातीत गाडी घसरते, आमच्याकडे माती टायरला चिकटते, चार फेऱ्यात एटी (ऑल-टेरेन) टायर गुळगुळीत डोनट होतो. तरी मी मोठे टायर न टाकता निभावते, हवेवर. बांधावर आले की हवा ३२ पीएसआयवरून १८ वर आणते, टायर पसरतो, पकड दुप्पट वाटते. त्याच्या खाली जात नाही कारण रिमवरून उतरायची भीती. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत असतो, डांबरी लागायच्या आधी परत भरते. हवा कमी करून डांबरी रस्त्याला जोरात पळवू नका, टायर आतून तापून फाटतो.

आणि ब्रीदर. एक्सलच्या वर एक छोटी नळी असते हवा जाण्यायेण्यासाठी. गाडी पळून डिफ गरम झालेला असतो आणि तुम्ही ओढ्याच्या थंड पाण्यात घालता, आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचलं जातं. माझ्या गाडीचं डिफ ऑइल काढलं तेव्हा अक्षरशः दूध घातलेल्या चहासारखं निघालं होतं, बेअरिंग गेले ते वेगळंच. साधा रबरी पाइप घ्या, ब्रीदरला जोडून वर टेल लॅम्पच्या मागे नेऊन बांधा. शंभर-दोनशे रुपयांचं काम. कच्च्या रस्त्याच्या गाडीला हे सगळ्यात आधी करायचं, उचलायच्या कितीतरी आधी.

पाटेपुराण

ताई ब्रीदरचं लाखमोलाचं.

डिफ वेल्डचं मी सांगतो. नको. साधा ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, म्हणून एक चाक चिखलात मोकळं फिरलं की दुसऱ्यालाही तेवढाच कमी जोर, गाडी उभी. ते वेल्ड केलं की दोन्ही चाकं कायम एकत्र फिरतात, चिखलात मस्त. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, ते आता जाणार कसं? मग एक टायर घासत, उड्या मारत जातो, एक्सलच्या शाफ्टला पीळ पडतो. ओल्या घाटात तर मागची बाजू अचानक सुटते. आणि तुझं मागचं एक्सल सेमी-फ्लोटिंग आहे, म्हणजे शाफ्ट चाक फिरवतो पण आणि गाडीचं वजन उचलतो पण. मोठ्या ट्रकच्या फुल-फ्लोटिंगला शाफ्ट तुटला तरी चाक हबवर राहतं, तुझ्याकडे शाफ्ट तुटला तर चाक त्याच्यासकट बाहेर यायला निघतं. आईला घेऊन गडावर जातोस ना? विषय संपला.

एमएच१५_चिखल्या

आता सिरियस. वेल्ड नको पण एअर लॉकर घे ना दादा, बटण दाबलं की लॉक, सोडलं की मोकळं. डी-मॅक्सला मिळतात. मी दुसऱ्या पिकअपला टाकलाय, दुगारवाडीच्या रस्त्याला पावसात एकदा पण अडकलो नाही. उचलण्यात जेवढे घालणार त्यात थोडे टाक की.

सातपूरचा_लेथवाला

थोडे नाही रे, बरेच. लॉकर, कॉम्प्रेसर, आणि डिफ उघडून बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली फट) सेट करणारा माणूस, तो नाशकात शोधायला लागतो. क्राऊन-पिनियन चुकीचं बसलं तर पाचशे किलोमीटरमध्ये गुणगुण सुरू होते आणि मग नवीन सेट. त्याचं काम चिखलात चाक फिरतंय तिथे आहे, गोळा वरंब्यावर बसला असेल तर लॉकर पण दोन्ही चाकं सोबत फिरवेल, बास. आधी बघ तू नेमका कशाने अडकतोस.

आणि फुकटातली ट्रिक, एक मागचं चाक मोकळं फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन दात ओढ आणि हळू रेस दे. मोकळ्या चाकाला ब्रेक लागला की दुसऱ्याला जोर जातो. कायम नको, ड्रम तापतात, पण चार फुटांच्या चिखलातून बाहेर पडायला पुरतं.

वकील_साहेब_नाहीत

कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२, कंपनीने दिलेल्या आणि आरसी बुकात असलेल्या माहितीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये पण हेच म्हटलं. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा होऊन कलम १८२अ आलं, त्यात बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. झिजलेले पाटे, शॉकअप बदलणं वेगळं आणि चार इंची ब्लॉक वेगळा. इन्शुरन्सवाल्याला पण लेखी कळवून ठेवा, अपघात झाल्यावर सर्वेअर गाडीखाली वाकतोच. कॅरेट भरताना पण आरसीवर भार किती लिहिलाय तो एकदा बघा.

पाटेपुराण

हे आमच्या काळात कोणी सांगितलं असतं तर मी जीपच विकली असती.

हरसूल_रोडवाला

मंडळी, अपडेट. जरा लांब आहे.

गाडी धुतली, खाली घुसलो. पहिली गोष्ट, मागच्या डाव्या बाजूचा खालून दुसरा पाटा तुटलेला निघाला, कधीपासून होता देव जाणे. म्हणजे गाडी आधीच एका बाजूने पाऊण इंच बसलेली आणि मी चार इंच उचलायला निघालेलो. शॉकअप पण तेल सोडलेले. पाटेवाल्याकडे गेलो तर म्हणे बाकीचे पाटे गॅसवर तापवून बाक देतो, मी म्हटलं इथे विचारून येतो, तर विचारायच्या आतच लेथवाले दादांचा मेसेज आला की तापवलेल्या पाट्याचं पाणी उतरतं, महिन्यात परत सपाट होतो. मग मागे नवीनच सेट घेतला, रिकाम्या गाडीला साधारण दीड इंच वर बसतो आणि कॅरेट भरले की जवळपास मूळच्या उंचीला. पुढे तेवढ्याच उंचीची स्प्रिंग आणि शॉकअप, अलाइनमेंट हद्दीत बसलं. यू बोल्ट नवीन, परत टाइट पण केले, अर्धा आटा फिरले. व्हॉल्व्हचा दांडा निघाला गाडीला, अ‍ॅडजस्ट करून घेतला. टायर २६५/७० एटी, डीलरला विचारून आणि आरसी बघून.

ब्रीदरचा पाइप मीच लावला, एकशे चाळीस रुपये आणि दोन क्लिपा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर शेडवर गेलो. हवा वीसवर आणली. वरंब्यावर एकदा "खर्र" आवाज आला पण थांबली नाही. पुढच्या वळणावर जिथे दरवर्षी बसतो तिथे परत बसलो. उतरून बघितलं तर गोळा मोकळा होता, हात जात होता खालून, फक्त मागचं उजवं चाक फिरत होतं. हँडब्रेक तीन दात ओढला, हळू रेस दिली, निघाली. काकांना फोन नाही केला. त्यांनीच केला, म्हणाले यंदा दिसला नाहीस, गाडी विकली का.

वरंबा मात्र तसाच आहे. आता असा विचार आहे की काकांनाच डिझेलचे पैसे देऊन ट्रॅक्टरला मागे फळी लावून पाऊस उघडला की तो मधला भाग ओढून काढायचा. इथे कोणी कच्च्या रस्त्यावर मुरूम टाकलाय का, एका ब्रासला हरसूल साइडला काय रेट चाललाय?

निफाडची_द्राक्षवाली

मुरूम टाकायच्या आधी दोन्ही बाजूला चर काढा दादा, नाहीतर पहिल्या पावसात मुरूम ओढ्यात. आणि त्या "खर्र" नंतर डिफचा खालचा ड्रेन बोल्ट बघितलात का?

हरसूल_रोडवाला

नाही बघितला. जातो खाली.